दुकानाच्या फळीवरून : वजन उतरवायच्या जुन्या गोळ्या

गेल्या अंकात वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा पाऊस पडला. खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळ्यांचा सूर एकच : "वहिनी, ते इंजेक्शन आमच्या खिशाबाहेरचं. जुनी, स्वस्त गोळी काही आहे का?" आहे. पण "जुनी" म्हणजे स्वस्तच असं नाही, आणि "स्वस्त" म्हणजे सोपी तर मुळीच नाही. म्हणून यावेळी सगळी जागा याच पत्रांना.

आधीच सांगते, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. बेळगावच्या शहापुरात मेडिकल चालवते. कुठली गोळी घ्यायची ते तुमचे डॉक्टर ठरवणार. ती पोटात गेल्यावर काय करते, महिन्याला किती पैसे खाते आणि कुणी तिच्या वाटेला जाऊ नये, हे सांगणं माझं काम. खाली येणारी सगळी औषधं चिठ्ठीवरची आहेत. चिठ्ठी बेळगावची असो, मिरजेची असो की कोल्हापूरची, चालते. चिठ्ठीच नसेल तर मात्र चालत नाही, मग तुम्ही माझ्या माहेरच्या गल्लीतले असलात तरी.

प्रश्न : वहिनी, मी ४६ वर्षांची, खानापूरला खासगी शाळेत शिकवते. उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. साखर "बॉर्डरवर" आहे असं डॉक्टर म्हणतात. थायरॉईडची गोळी बरीच वर्षं सुरू आहे. मैत्रिणीने पुण्यात इंजेक्शन सुरू केलं, तिचा महिन्याचा खर्च ऐकून मी गप्पच बसले. त्याआधी लोक ज्या गोळ्या घेत होते त्या अजून मिळतात का? त्यांनी खरंच उतरतं का?

उत्तर : बाई, आपण सीमाभागातले सगळेच बॉर्डरवर राहतो, ते सोडून द्या. पण साखरेची बॉर्डर हलक्यात घेऊ नका. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साडेबत्तीसच्या घरात जातो. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे चरबी पोटावर आधी जमते आणि साखर लवकर चढते. तेव्हा औषधाची चौकशी करण्यात लाजण्यासारखं काही नाही.

जुन्यांपैकी आपल्याकडे आजही सरळ मिळणारं, वजनासाठीच मंजूर असलेलं औषध म्हणजे ऑर्लिस्टॅट. अमेरिकेत ते १९९९ मध्ये मंजूर झालं. भूक, मेंदू, रक्त यांच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही, त्याचं सगळं काम आतड्यात. जेवणातलं तेल-तूप पचवायला लिपेज नावाचं पाचकद्रव्य लागतं, त्याला हे बांधून ठेवतं. मग खाल्लेल्या चरबीपैकी साधारण तीस टक्के न पचताच बाहेर पडते.

बाहेर पडते म्हणजे कशी, हे डॉक्टर घाईत सांगत नाहीत आणि बायका लाजून विचारत नाहीत, म्हणून मी सांगते. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेऊन लग्नाच्या पंगतीत मटण हाणलं, तांबड्या रश्श्यावरचा कट ओढला आणि वर दोन चमचे कुंदा घेतला, की दुसऱ्या दिवशी आतल्या कपड्यावर केशरी तेलाचा डाग. साबणाने तो लवकर निघत नाही. वारा सरताना सोबत तेल येतं. शौचाची घाई अशी लागते की खानापूरच्या बसमध्ये उभं राहणं नको होतं. माझ्या दुकानात ही कॅप्सूल नेणाऱ्या बायका दुसऱ्या खेपेला न सांगता पॅडचं पाकीटही उचलतात. काही जणी तिसऱ्या खेपेला येतच नाहीत.

जेवणात तेल बेताचं असेल तर हा त्रास खूप कमी होतो. मला तर वाटतं, या औषधाचा निम्मा गुण त्या डागाच्या भीतीत आहे. घरात महिन्याला किती तेल लागतं ते आधी मोजा. माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास बसलं पाहिजे. आपल्याकडे चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याला संपतो आणि वर शेंगाचटणी वेगळी.

आता उतरतं किती? स्वीडनमध्ये तीन हजारांवर लोकांवर चार वर्षं अभ्यास झाला होता, २००४ मध्ये छापून आला. सगळ्यांनाच आहार आणि चालणं सांगितलेलं. नुसती खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांचं चार वर्षांनी तीन किलो उतरलेलं राहिलं, ऑर्लिस्टॅट घेणाऱ्यांचं ५.८. म्हणजे औषधाच्या पदरात जेमतेम तीन किलो. पण त्याच अभ्यासात मधुमेह होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी झालं, आणि तुमच्या बॉर्डरच्या साखरेला ते महत्त्वाचं आहे. मैत्रिणीच्या इंजेक्शनातल्या सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरतं, म्हणजे तुमच्या वजनात अकरा-बारा किलो. दोन्हींची बरोबरी होत नाही, हे मनाशी धरूनच पुढे वाचा.

आणि खर्च? एक कॅप्सूल चाळीस रुपयांना धरा, कंपनीप्रमाणे थोडं खालीवर. दिवसाला तीन म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या वर गेलात! पंचवीस वर्षांचं जुनं औषध, तरी हा भाव. ज्या जेवणात तेल-तूप नाही किंवा जे जेवण चुकलं, त्यावेळची कॅप्सूल घ्यायची नसते, तेवढी बचत. तीन महिन्यांत वजनाच्या पाच टक्केही उतरलं नाही, तर पुढे पैसे घालण्यात अर्थ नाही, असा डॉक्टरांचा साधारण दंडक आहे.

तुमच्यासाठी एक खास गोष्ट. ऑर्लिस्टॅट थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाही. दोन्हींत चार तास अंतर ठेवा आणि सुरू केल्यावर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी पुन्हा करा. अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वंही तेलाबरोबर वाहून जातात, म्हणून डॉक्टर बहुधा रात्री झोपताना मल्टिव्हिटॅमिन देतात. कुणी रक्त पातळ करायची वॉर्फरिन घेत असेल, किडनीचा खडा होऊन गेला असेल, पित्त अडकण्याचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

आणि आता खरी स्वस्त गोळी : मेटफॉर्मिन. १९५७ पासून मधुमेहात वापरात आहे, एक गोळी दोनेक रुपयांना पडते, जनऔषधी केंद्रात त्याहून कमी. ही वजनाची गोळी म्हणून मंजूर नाही. उतरवते तेही सरासरी दोन किलो. पण बॉर्डरच्या साखरेत तिची बाजू भक्कम आहे. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत मधुमेह ३१ टक्क्यांनी कमी. आठवड्याला दीडशे मिनिटं चालून सात टक्के वजन उतरवायचं ठरवलेल्या गटात ५८ टक्क्यांनी कमी. हे दोन आकडे मी दुकानात एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत, विचारणाऱ्याला बोट दाखवते.

तुमच्या जागी मी असते तर डॉक्टरांना आधी मेटफॉर्मिनबद्दल विचारलं असतं, ऑर्लिस्टॅटबद्दल नंतर. सुरुवातीला पोट बिघडतं, तोंडाला पत्र्याची चव येते. हळूहळू सुटणारी गोळी रात्रीच्या जेवणासोबत घेतली तर बरं पडतं. आधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करा, किडनी फार मंदावली असेल तर ही गोळी चालत नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व कमी होत नाही ना हे बघत राहायचं, शाकाहारी असाल तर जास्तच.

इंजेक्शनाबद्दल एकच : सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. पेटंट सुटलं की आपल्या कंपन्या उतरतात आणि भाव खाली येतो, हे मी फळीवर अनेक औषधांचं पाहिलंय. तेव्हा मैत्रिणीने सांगितलेला आकडा कायमचा मानू नका.

प्रश्न : नमस्कार. मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, टिळकवाडीत राहतो. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात तीन फेऱ्या मारतो, तरी पोट हलत नाही. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे फेंटरमिन नावाची जुनी गोळी अगदी स्वस्तात मिळते, येताना घेऊन येतो. मला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. घ्यावी का?

उत्तर : काका, भाच्याला सांगा, येताना बदाम आण.

फेंटरमिन जुनी आहे हे खरं, अमेरिकेत १९५९ पासून आहे. तिकडे स्वस्त आहे हेही खरं. पण ती अँफेटामिन या उत्तेजक औषधाच्या भावकीतली. अंगात जणू संकट आलंय असं मेंदूला भासवते, म्हणून भूक मरते. त्याबरोबर नाडी वाढते, रक्तदाब चढतो, तोंड सुकतं, झोप उडते. तुम्ही एका हाताने रक्तदाब उतरवायची गोळी घेणार आणि दुसऱ्या हाताने चढवायची. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, वाढलेला थायरॉईड, काचबिंदू, यांपैकी काहीही असेल तर ती देत नाहीत. आणि "बाकी ठणठणीत" हे साठीनंतर ईसीजी काढल्याशिवाय कुणी स्वतःच ठरवू नये.

दुसरं म्हणजे, तिच्या परवान्यातच लिहिलंय : थोड्या आठवड्यांसाठी. जन्मभर घ्यायची गोळी नव्हे ती. भाचा वर्षातून एकदा येणार, तो महिन्याभराच्या आणणार की वर्षाच्या? आणि मध्ये नाडी शंभरच्या वर गेली तर इथले डॉक्टर कुणाच्या चिठ्ठीवर विचार करणार?

या गोळीची एक जुनी गोष्ट ऐका. नव्वदच्या दशकात अमेरिकेत फेंटरमिन आणि फेनफ्लुरामिन अशी जोडी भलतीच चालली, "फेन-फेन" म्हणायचे. लाखो लोकांनी घेतली. मग हृदयाच्या झडपा जाड होऊन गळायला लागल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढलं. दोष फेनफ्लुरामिनचा होता, फेंटरमिन राहिली. पण वजनाच्या गोळ्यांकडे डॉक्टर आजही जरा डोळे बारीक करून बघतात, त्यामागे ही आठवण आहे.

भाचा कदाचित दुसरी डबी दाखवेल, फेंटरमिन आणि टोपिरामेट एकत्र असलेली. ती तिकडे २०१२ मध्ये आली. टोपिरामेट आपल्याकडेही आहे, फिट आणि अर्धशिशीसाठी, आणि फार महाग नाही. वजन तिने उतरतं, पण हातापायाला मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, किडनीला खडे धरतात, क्वचित डोळ्याचा दाब एकाएकी चढतो. हे तुमच्यासाठी नाही, घरातल्या सुनांसाठी लिहिते : गरोदरपणात टोपिरामेट पोटात गेलं तर बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. दिवस राहण्याची शक्यता असेल तर त्या गोळीला हात लावायचा नाही.

तुमच्या तीन फेऱ्यांबद्दल. त्या मी पाहिल्यात, माझीही सकाळ तिथेच असते. तिसऱ्या फेरीनंतर गेटबाहेर चहा आणि भजी असतात, काका.

प्रश्न : वैनी, मी वडगावची. आमच्यात माग आहेत. वय ५२. साखर दहा वर्षांची. पहिल्यांदा गोळी सुरू केली तेव्हा वजन ६४ होतं, आता ७५ आहे. खाणं तेवढंच, उलट कमी केलंय. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, साखर उतरेल. गोळ्या घेऊन वजन वाढतंय असं मला वाटतं, पण घरातले हसतात. मिरजेला एक डॉक्टर, इथं एक, आणि मुलगी गोव्यात म्हणून तिथंही एकदा दाखवलं. वजनाची वेगळी स्वस्त गोळी मिळेल का?

उत्तर : हसू देत. बरोबर तुमचंच आहे बहुधा.

तुम्ही पत्रासोबत गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो पाठवलेत, फार चांगलं केलंत. त्यात ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी स्वादुपिंडाला पिळून जास्त इन्सुलिन काढते. साखर उतरते, पैसे कमी लागतात, म्हणून गावोगाव चालते. पण इन्सुलिन वाढलं की चरबी साठते, आणि साखर जरा खाली घसरली की हात थरथरतात, घाम येतो, मग माणूस बिस्किटाचा पुडा फोडतो. तुम्ही लिहिलंय, "दुपारी चार वाजता जीव कासावीस होतो, काहीतरी तोंडात टाकावं लागतं." ती हाव नव्हे. अशा वेळी घरच्या मीटरवर साखर बघा आणि आकडा वहीत लिहा, डॉक्टरांना तो उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट पाहून मी चष्मा लावून पुन्हा बघितलं. मिरजेच्या पट्टीवर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र आहे. बेळगावच्या पट्टीचं नाव वेगळं, कंपनी वेगळी, पण खाली बारीक अक्षरात तेच दोन. म्हणजे एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जातंय. तीन गावांचे तीन डॉक्टर, प्रत्येकाने आपापल्या जागी नीट लिहिलेलं, आणि सगळ्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत. आपल्या सीमाभागातला हा ठरलेला घोळ. मिरज जवळ, कोल्हापूर जवळ, गोवा चोर्ला घाटापलीकडे, पण सगळी पिशवी एका टेबलावर कुणी ओतत नाही. उद्याच तुमच्या इथल्या डॉक्टरांपुढे ओता. दोन दिवस थांबून बघू, असं करू नका, कारण साखर एकदम खाली जाण्याचा धोका खरा आहे.

आणि मनाने गोळी बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा, ग्लिमेपिराइड कमी करून त्या जागी डापाग्लिफ्लोझिन चालेल का. हीसुद्धा एकेकाळी महागच होती, एक गोळी पन्नास रुपयांच्या पुढे. २०२० च्या ऑक्टोबरात पेटंट सुटलं आणि भाव धाडकन खाली आला. आज दहा-बारा रुपयांच्या आसपास चांगली गोळी मिळते. ती रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम. तेवढ्या साखरेतली ऊर्जा अंगाला लागत नाही, म्हणून वजन दोन-तीन किलो उतरतं, रक्तदाबही थोडा. हृदय आणि किडनीलाही आधार मिळतो. अकरा किलो वाढलेलं तिने सगळं जाणार नाही. पण वाढणारा काटा थांबून मागे फिरतो, आणि वजनासाठी वेगळ्या गोळीचे पैसे पडत नाहीत.

तिचे त्रासही ऐका. लघवीत साखर असल्याने त्या जागी खाज, पांढरं जाणं, बुरशी धरते. प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन कोरडं करायचं. मागावर बसलं की बायका पाणी पीत नाहीत, उठायला नको म्हणून. ही गोळी घेऊन तसं चालणार नाही. आणि उपवास! श्रावण सोमवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर, असं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. उलट्या-जुलाब झाले, खाणं बंद झालं, ऑपरेशन ठरलं, तर ही गोळी थांबवतात. रक्तात आम्ल साचू शकतं, आणि गंमत अशी की त्यावेळी मीटरवर साखर फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं, एवढं झालं की सरळ दवाखाना.

वजन वाढवणारं ग्लिमेपिराइड एकटं नाही. इन्सुलिन, पायोग्लिटाझोन, फिटची व्हॅल्प्रोएट, झोप आणि अंगदुखीसाठी देतात ती अमिट्रिप्टिलिन, मानसिक आजारातली ओलॅन्झापिन, रक्तदाबाची अटेनोलॉल, यांचाही हात असतो. कुठलंही स्वतःहून सोडायचं नाही, विशेषतः फिटची आणि मनाच्या आजाराची गोळी. पण "डॉक्टर, यातल्या कशाने माझं वजन वाढतंय का, आणि बदल आहे का?" हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. वजनाची नवी गोळी मागायच्या आधी तो विचाराच.

प्रश्न : मी निपाणीचा, वय ५०. तंबाखूच्या गावात राहून बिडी सोडली, दीड वर्ष झालं. वजन सहा किलो वाढलं. डॉक्टर ब्युप्रोपिऑनबद्दल बोलले, म्हणे बिडीचीही आहे आणि वजनाचीही. ती तर मनाच्या आजाराची गोळी ना?

उत्तर : निपाणीत राहून बिडी सोडलीत, आधी त्याबद्दल शाबास. सोडणाऱ्यांचं पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतंच, तुमचं फार वेगळं नाही. त्यासाठी परत बिडीकडे वळू नका, वाढलेल्या किलोंपेक्षा ती फार महागात पडेल.

हो, ब्युप्रोपिऑन मूळची उदासीनतेवरची गोळी. नंतर धूम्रपान सोडवायला वापरात आली. दारूचं व्यसन सोडवायला देतात त्या नाल्ट्रेक्सोनसोबत तिची वजनासाठीची जोडगोळी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. मेंदूतली खा-खा दोन्ही मिळून आवरतात. मनाच्या आजाराची म्हणून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते फिटला. कधी फिट आली असेल, डोक्याला जबर मार बसला असेल, किंवा रोजची दारू एकदम सोडत असाल, तर ही गोळी नको. रक्तदाब बघत राहायचा. झोप जाते, म्हणून संध्याकाळनंतर घ्यायची नाही. आणि कंबरदुखीवर ट्रॅमाडॉल घेत असाल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. ब्युप्रोपिऑनसोबत ते फिटचा धोका वाढवतं, आणि नाल्ट्रेक्सोन त्याचा गुणच येऊ देत नाही.

प्रश्न : आमचं गाव हुक्केरी तालुक्यात. आईचं वय ५८. गुडघ्यांसाठी ती एकाकडून पुड्या आणते, चार रंगांच्या गोळ्या एकत्र बांधलेल्या. दुखणं लगेच थांबतं, पण वर्षभरात ती सुजल्यासारखी जाड झाली, चेहरा गोल झाला, आणि आता साखरही निघाली. वजन कमी झालं तर गुडघे सुधारतील ना? कुठली गोळी देऊ?

उत्तर : ताई, सध्या कुठलीच नको. तुमच्या पत्रातल्या खुणा वाचून मला पुडीचाच दाट संशय येतो. त्या चार गोळ्यांत एक बारीकशी स्टेरॉइडची असण्याची शक्यता मोठी आहे, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. अगदी स्वस्त असतात, आणि दुखणं जादूसारखं थांबवतात, म्हणून पुडीवाल्याचं नाव होतं.

आईकडे नीट बघा. चेहरा पौर्णिमेसारखा गोल, मानेमागे गादी, पोट पुढे, पण हातपाय मात्र बारीक? पोटावर जांभळट पट्टे? जरा लागलं की काळं-निळं पडतं? पाटावरून उठताना आधार लागतो? असं असेल तर ही खाण्याने आलेली जाडी नव्हे. साखर, रक्तदाब, ठिसूळ हाडं, हे सगळं त्याच पुडीतून येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रागाच्या भरात पुड्या चुलीत घालू नका! वर्षभर बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर आपलं बनवायचं थांबवतं. एकदम तोडलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या तशाच घेऊन बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या एमडी डॉक्टरांकडे जा. ते सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, रक्तात तपासतील आणि डोस हळूहळू उतरवतील. पुडी सुटली की चेहऱ्याची सूज आणि वजन बरंचसं आपोआप उतरतं, महिने लागतात तेवढेच. त्यानंतरही वजन उरलं तर त्याची गोळी तेव्हा बघू. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांना पैसे घालण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, मेटफॉर्मिन आणि अॅम्लोडिपिन तिथे फुकट देतात.

आणि पुडी देणाऱ्याकडे भांडायला जाण्याआधी आईला विचारा, शेजारच्या किती घरांत त्याच पुड्या जातात. त्या बायकांनाही हेच सांगायला हवं.

प्रश्न : वहिनी, मी २४ वर्षांची. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे. फोनवर बघून "शंभर टक्के आयुर्वेदिक" अशी वजनाची पावडर मागवली. दहा दिवसांत तीन किलो उतरलं! पण रात्री झोप येत नाही, तोंड सुकतं, छातीत धडधडतं. आईची थायरॉईडची गोळीही घेऊन बघू का, असं मैत्रीण म्हणते. नाव छापू नका.

उत्तर : नाव छापत नाही. पावडर आज बंद कर, आणि आजच.

धडधड, कोरडं तोंड, उडालेली झोप, आणि भूक एकदम मेलेली. अशा पावडरींत सिब्युट्रामिन चोरून मिसळलेलं जगभर सापडलंय, आणि तुझी लक्षणं त्याला तंतोतंत जुळतात. सिब्युट्रामिन हीसुद्धा वजनाची जुनी गोळीच, एकेकाळी माझ्याही फळीवर असायची. सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात हृदयाचा झटका आणि पक्षाघात वाढल्याचं दिसलं, २०१० मध्ये अमेरिका-युरोपने ती काढली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारताने बंदी घातली. बंदी घातलेलं औषध चिठ्ठीवर मिळत नाही, म्हणून डब्यात लपून येतं. डब्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, कारखान्याचा पूर्ण पत्ता आहे का बघ. खऱ्या आयुर्वेदिक औषधालाही परवाना लागतो.

डबा टाकू नकोस, डॉक्टरांकडे घेऊन जा आणि ईसीजी काढून घे. छातीत दुखलं, भोवळ आली, तर उद्याची वाट बघायची नाही. तीन किलोंपैकी बरंचसं पाणी आणि उपाशी पोट आहे, ते परत येईल, त्याने घाबरून पुन्हा डबा उघडू नकोस.

आईच्या थायरॉईडच्या गोळीचं बोलूच नको. थायरॉईड ठीक असताना ती घेऊन वजन उतरवायचं म्हणजे धडधडणाऱ्या छातीला आणखी पळवायचं. आईची गोळी आईलाच.

तुझं वजन आणि उंची तू लिहिलीच नाहीस. ती लिहून पाठव, पाळी नियमित आहे का तेही. पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या हार्मोनच्या आजाराची, तपासणी करावी लागेल आणि मग डॉक्टर कदाचित ती दोन रुपयांची मेटफॉर्मिनच देतील. वजन मुळात बेताचंच असेल, तर मात्र यातली कुठलीही गोळी तुझ्यासाठी नाही. टेलरकडे जाऊन ब्लाउजला दोन बोटं माया ठेवायला सांग.